राग 'मोकळा' केला की जातो का?

आपल्याकडे रागाबद्दल दोन सल्ले मिळतात आणि ते एकमेकांच्या थेट विरुद्ध आहेत. पहिला: राग गिळ. दुसरा, जरा नव्या जमान्यातला: राग आत ठेवू नकोस, बाहेर काढ, नाहीतर तो आत कुजतो. उशीवर बुक्के मार, गच्चीत जाऊन ओरड, जिममध्ये जाऊन घाम गाळ, मोकळी हो. दुसरा सल्ला देणारा माणूस सहसा प्रेमानेच देत असतो. काही शहरांमध्ये तर आता पैसे देऊन खोलीभर बाटल्या, जुने टीव्ही आणि प्रिंटर फोडायची सोय झाली आहे. (आमच्या विभागातला प्रिंटर बघता ही कल्पना मलाही अधूनमधून मोहात पाडते.)

या सल्ल्याच्या मागे एक चित्र आहे, ते म्हणजे प्रेशर कुकर. आत वाफ साठते, शिट्टी होऊ दिली नाही तर झाकण उडेल. हे चित्र आपल्या भाषेत इतकं मुरलंय की ते चित्र आहे हेच आपण विसरतो. 'रागाने उकळणे', 'भडास काढणे', 'स्फोट होणे' हे सगळे शब्द राग म्हणजे भांड्यात कोंडलेला पदार्थ आहे असंच धरून चालतात. मानसशास्त्रात या चित्राला मान मिळाला तो ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या 1895 सालच्या हिस्टेरियावरच्या पुस्तकापासून. दबलेली भावना बाहेर पडली की रुग्णाला आराम पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी त्यांनी ॲरिस्टॉटलने शोकांतिकेसाठी वापरलेला 'कॅथार्सिस' हा शब्द घेतला. 1970 च्या दशकात अमेरिकेत किंचाळण्याचे, उशा बडवण्याचे उपचार चालायचे, ते याच कल्पनेचं टोक.

आता प्रश्न असा की हे तपासायचं कसं? 'मला ओरडून बरं वाटलं' हा पुरावा पुरेसा नाही, कारण बरं वाटणं वेगळं आणि राग उतरणं वेगळं. हा फरक नीट पकडणारा एक प्रयोग मी जरा सविस्तर सांगते. रागावरच्या चर्चेत तो सतत येतो आणि बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो.

ब्रॅड बुशमन या अमेरिकी संशोधकाने 2002 साली तो प्रसिद्ध केला. 600 कॉलेज विद्यार्थी, त्यात निम्म्या मुली. प्रत्येकाला एका वादग्रस्त विषयावर छोटा निबंध लिहायला सांगितला. निबंध तपासायला दुसऱ्या खोलीतल्या 'सहभागी' विद्यार्थ्याकडे गेला आणि परत आला तेव्हा त्यावर गचाळ गुण आणि एक शेरा होता: आजवर इतका वाईट निबंध वाचला नाही, अशा अर्थाचा. दुसऱ्या खोलीत अर्थातच कोणी नव्हतं. शेरा सगळ्यांना तोच. पण राग खरा होता.

मग तीन गट केले. पहिल्या गटाला पंचिंग बॅग दिली आणि सांगितलं, ज्याने शेरा मारला त्याचा विचार करत ठोसे मारा. समोर स्क्रीनवर त्या तथाकथित माणसाचा फोटोही लावला. दुसऱ्या गटालाही बॅग दिली, पण त्यांनी विचार करायचा तो स्वतःची तब्येत कमावण्याचा. त्यांच्या स्क्रीनवर खेळाडूचा फोटो होता. तिसऱ्या गटाने दोन मिनिटं नुसतं बसायचं. यानंतर राग मोजला आणि मग सगळ्यांना एका खेळात त्या शेरेबाजाला हेडफोनमधून मोठा आवाज ऐकवायची संधी दिली. किती मोठा आणि किती वेळ, हे ज्याने त्याने ठरवायचं.

कुकरचं चित्र खरं असतं तर पहिला गट सगळ्यात शांत व्हायला हवा होता. झालं उलटंच. ठोसे मारताना त्या माणसाचा विचार करणारे सगळ्यात जास्त रागावलेले निघाले आणि त्यांनीच सगळ्यात जास्त आवाज ऐकवला. सगळ्यात कमी आक्रमक कोण? नुसते बसलेले. दुसरा गट, म्हणजे व्यायाम म्हणून ठोसे मारणारे, पहिल्यापेक्षा कमी रागावलेले होते, पण आक्रमकतेत नुसतं बसणाऱ्यांना मागे टाकू शकले नाहीत.

प्रयोगावर आक्षेप घेण्यासारखंही आहे. हेडफोनमधला आवाज म्हणजे खरं भांडण नव्हे आणि कॉलेजची मुलं म्हणजे सगळी माणसं नव्हेत. पण निष्कर्षाची दिशा एकट्या या प्रयोगावर उभी नाही. 2024 साली सोफी क्यॅर्विक आणि बुशमन यांनी रागावर उपाय तपासणारे 154 अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात सहभागी झालेली माणसं 10,189. शरीराची चेतना खाली आणणाऱ्या गोष्टी, म्हणजे संथ श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणं, सावकाश केलेली योगासनं, यांनी राग कमी झाला. तोही विद्यार्थी असोत की नसोत, उपाय शिकवणारा समोर असो की स्क्रीनवर. चेतना वाढवणाऱ्या गोष्टींचा एकत्रित परिणाम जवळजवळ शून्य. त्यातही जॉगिंगने राग चक्क वाढलेला दिसला. चेंडूचे खेळ मात्र अपवाद निघाले, त्यांनी राग उतरला. बहुधा त्यात मजा असते आणि सोबत असते. हृदयासाठी पळायला जा, काहीच हरकत नाही. पण बॉसशी भांडून आल्या आल्या बूट चढवून, डोक्यात तेच संवाद घोळवत पळालात तर घरी येताना तो बॉस तुमच्याबरोबरच पळत येईल.

याचं कारण समजायला सोपं आहे. राग म्हणजे ढोबळमानाने दोन गोष्टी: शरीराची पेटलेली अवस्था (छातीची धडधड, आवळलेला जबडा) आणि त्या अवस्थेला आपण मनात दिलेला अर्थ ('त्याने मुद्दाम केलं'). बॅगेवर ठोसे मारताना पहिली गोष्ट पेटती राहते आणि फोटो समोर असेल तर दुसरीलाही तेल मिळतं.

मग बरं का वाटतं?

वाटतं, हे खरं आहे. 1960 च्या दशकात होकान्सन आणि सहकाऱ्यांनी चिडवलेल्या माणसांचा रक्तदाब मोजला. चिडवणाऱ्यावर उलट वार करायची संधी मिळाली तर तो लवकर खाली आला. पण समोरचा माणूस वरच्या दर्जाचा असेल तर हा आराम मिळाला नाही. हा दुसरा भाग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

म्हणजे वार करून क्षणभर हायसं वाटतं. अडचण तिथेच सुरू होते, कारण ज्याने हायसं वाटतं त्याची सवय लागते. 2001 सालच्या एका प्रयोगात तर मजाच केली. लोकांना गोळी दिली आणि सांगितलं की हिच्यामुळे पुढचा तासभर तुमचा मूड आहे तसाच गोठून राहील. गोळीत औषध काहीच नव्हतं. राग बाहेर काढावा असं मानणारे लोक एरवी जास्त आक्रमक होत होते. 'मूड बदलणारच नाही' असं कळल्यावर त्यांची आक्रमकता ओसरली. म्हणजे ती माणसं हात सोडून सुटलेली नव्हती. बरं वाटावं म्हणून, एका अर्थाने हिशेब करून, ती आक्रमक होत होती. 'माझा ताबाच सुटला' हे वाक्य ऐकलं की मला ही गोळी आठवते. ताबा सुटलेली माणसं बायकोवर खेकसतात, साहेबावर नाही. फोडलंच तर घरातलं जुनं भांडं फोडतात, नवा फोन नाही.

तर मग गिळावा?

इथे माझ्या विषयाशी गाठ पडते. माझा प्रबंध भावनांच्या नियमनावर आहे. भावना आल्यावर आपण तिचं काय करतो, हा त्यातला प्रश्न. या क्षेत्रात जेम्स ग्रॉस यांनी केलेला एक भेद फार कामाचा आहे. एक म्हणजे भावना चेहऱ्यावर येऊ न देणं, त्याला आपण दडपणं म्हणू. दुसरं म्हणजे घटनेकडे बघण्याची नजरच बदलणं, म्हणजे पुनर्विचार. रस्त्यात कुणीतरी गाडी आडवी घातली. दडपणारा दात आवळून गप्प बसतो. पुनर्विचार करणारा 'दवाखान्यात निघाला असेल' असं मनात म्हणतो. बाहेरून दोघंही शांत, पण आतला कारभार वेगळा.

दडपण्याची गोम अशी की त्यामुळे चेहरा बदलतो, भावना फारशी बदलत नाही. ग्रॉस आणि लेव्हेन्सन यांनी लोकांना अस्वस्थ करणारे चित्रपटाचे तुकडे दाखवले आणि काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांना वाईट वाटायचं ते वाटलंच, वर शरीरावरचा ताण वाढला. एमिली बटलर यांच्या 2003 सालच्या अभ्यासात अनोळखी बायकांच्या जोड्यांना एक दुःखद फिल्म दाखवून तिच्याबद्दल बोलायला बसवलं होतं. प्रत्येक जोडीतल्या एकीला, दुसरीच्या नकळत, भावना दडपायला सांगितलं. समोर बसलेल्या, काहीच माहीत नसलेल्या बाईचा रक्तदाब वाढला. तिला त्या गप्पा तुटक वाटल्या आणि मैत्री करावीशी वाटेना. घरात कोणीतरी 'मला काही झालेलं नाही' असं म्हणत दोन दिवस वावरत असलं की बाकीच्यांचं पोट का आवळतं, ते यावरून कळावं.

पण थांबा. बटलर यांच्याच 2007 सालच्या अभ्यासात एक महत्त्वाची दुरुस्ती आहे. आशियाई मूल्यं मानणाऱ्या बायकांमध्ये दडपण्याचे हे तोटे कमी दिसले. जिथे संयम हा सभ्यतेचा भाग आहे तिथे गप्प राहणं समोरच्याला परकेपणाचं वाटत नाही. म्हणून 'भारतीय माणसं भावना दाबतात आणि आजारी पडतात' अशी सरसकट विधानं ऐकली की मी सावध होते.

आपल्या भाषेकडेच बघा ना. मराठीत राग हा एकच प्राणी नाही. चीड वेगळी, संताप वेगळा, वैताग वेगळा. रुसवा हा तर राग आणि माया यांचं मिश्रण. समजूत काढायला कुणी येईल याची खात्री असेल तरच माणूस रुसतो. धुसफूस ही कुणाला तरी ऐकू जावी इतक्याच आवाजात करायची असते. स्वयंपाकघरातल्या आदळआपटीला शब्द नसतात, पण निरोप बरोबर पोचतो. आणि त्रागा! 'मीच मेली वेडी, मीच करत बसते सगळ्यांचं' असं म्हणत स्वतःलाच बोल लावायचा, जेवायचं नाही, आजारपणातही कामं उपसत राहायची. रोख दुसऱ्यावर आणि मार मात्र स्वतःला. त्रागा हा समोरच्यावर थेट रागावायची मुभा नसलेल्या माणसाचा राग आहे, असं मला वाटतं. हे माझं मत. अजून कुणी मोजलेलं नाही, निदान मी तरी नाही.

रागाचा परवाना

ही मुभा कुणाला असते, यावर मात्र संशोधन आहे. 2013 साली अमेरिका आणि जपानमधल्या प्रौढांच्या माहितीवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की अमेरिकेत सामाजिक दर्जा खालचा असणारे जास्त राग व्यक्त करतात. जपानमध्ये नेमकं उलट, वरचा दर्जा असणारे जास्त. पहिल्या ठिकाणी राग वैफल्यातून येतो, दुसऱ्या ठिकाणी तो अधिकाराचं चिन्ह असतो. आपण कुठे बसतो? चाळीस माणसांच्या ऑफिसात ओरडण्याचा हक्क किती जणांना असतो, ते मोजा. एकत्र कुटुंबात 'त्यांचा स्वभावच तापट आहे, पण मनाने चांगले आहेत' हे वाक्य कुणाबद्दल बोललं जातं आणि धाकट्या सुनेबद्दल ते कधी ऐकलंय का, हेही आठवा.

ब्रेस्कॉल आणि उलमन यांनी 2008 साली नोकरीच्या मुलाखतीचे व्हिडिओ लोकांना दाखवले. त्यातली माणसं कामावर झालेल्या एका चुकीबद्दल बोलत होती. राग व्यक्त करणाऱ्या पुरुषाला लोकांनी जास्त मान दिला. तोच राग बाईने व्यक्त केला की तिचा मान घसरला. पुरुष रागावला तर परिस्थितीच तशी असणार. बाई रागावली तर ती मुळातच रागीट. पुरुष अभिनेत्याने बोललेला तोच मजकूर स्त्री अभिनेत्रीच्या तोंडी आल्याने इतका फरक. तिने रागाचं बाहेरचं कारण स्पष्ट सांगितलं तेव्हा तोटा कमी झाला.

म्हणूनच 'श्वास घ्या आणि शांत व्हा' एवढ्यावर मी हा लेख संपवू शकत नाही. होकान्सनच्या प्रयोगातली ती गोष्ट आठवा, वरच्यावर काढलेल्या रागाने आराम पडत नाही. साहजिकच तो खालच्यावर निघतो. साहेबाचा राग घरी, घरचा राग पोरावर, पोराचा कुत्र्यावर. आणि ज्याच्या खाली कुणीच नाही त्याला आपण ध्यानधारणा शिकवायची का? रागात माहिती असते: इथे काहीतरी चुकतंय. जोतीराव फुल्यांनी 1883 साली पुस्तकाला 'शेतकऱ्याचा असूड' असं नाव दिलं, ते काही मन शांत करायला नाही. त्या रागाने उशा बडवल्या नाहीत. त्याने शेतकऱ्याला कोण आणि कसं लुटतं याचा तपशीलवार हिशेब मांडला.

रोजचा रागही बहुतेक वेळा अशाच कामासाठी येतो. जेम्स ॲव्हरिल यांनी 1980 च्या सुमाराला साध्यासुध्या माणसांना त्यांच्या रागाचे प्रसंग लिहायला सांगितले. राग शत्रूंवर क्वचितच होता. अर्ध्याहून जास्त वेळा तो जवळच्या, आवडत्या माणसांवर होता. मारहाण फार थोड्या वेळा झाली. आणि ज्यांच्यावर राग निघाला होता त्यांच्यापैकीही बरेच जण म्हणाले की त्यातून काहीतरी चांगलंच झालं, आपली चूक कळली, नातं सुधारलं. मात्र हे होतं ते राग शब्दांत सांगितला गेला तर. भांड्यांच्या आवाजातून 'मला उशिराचा नाही, न कळवण्याचा राग आलाय' एवढं बारीक कळत नाही.

तेव्हा क्रम महत्त्वाचा. आधी शरीर खाली आणायचं, मग नजर, मग बोलायचं.

नजरेबद्दल एथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी बरंच काम केलंय. रागाचा प्रसंग आठवताना आपण पुन्हा त्याच्या आत शिरतो, तोच अपमान, तीच धडधड. त्याऐवजी चार पावलं मागे येऊन, भिंतीवरच्या माशीसारखं, 'तिथे बसलेली ती मुलगी का चिडली?' असं बघितलं तर राग उतरतो. हे ऐन रागातही जमतं का, हे 2012 साली तपासलं. लोकांना अवघड शब्दकोडी सोडवायला बसवलं आणि प्रयोग घेणाऱ्याने इंटरकॉमवरून वारंवार 'मोठ्याने बोला, सांगितलेलं कळत नाही का' असं झापलं. नंतर ज्यांना तटस्थपणे बघायला सांगितलं होतं त्यांच्या मनातले आक्रमक विचार आणि राग, दोन्ही कमी होते. खरंच वार करायची संधी दिली तेव्हाही ते कमी आक्रमक राहिले.

लिहिण्याबद्दलही एक छोटा, गमतीदार अभ्यास आहे. नागोया विद्यापीठातल्या कनाया आणि कवाई यांनी 2024 साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या लिखाणावर अपमानकारक शेरा आला (मानसशास्त्रज्ञांना हा शेरा फारच आवडतो). मग त्यांनी आपल्या भावना कागदावर उतरवल्या. ज्यांनी तो कागद चुरगळून टाकून दिला किंवा यंत्रात घालून त्याच्या चिंध्या केल्या, त्यांचा राग जवळजवळ मूळ पातळीवर आला. ज्यांनी कागद जपून ठेवला, त्यांचा राग तेवढा उतरला नाही. अभ्यास लहान आहे, त्यामुळे फार भार टाकू नका. पण कागद स्वस्त आहे. व्हॉट्सॲपवर लिहिलेला मेसेज मात्र पाठवला की फेकता येत नाही.

आता उरला दुसऱ्याचा राग, म्हणजे आपल्यावर निघालेला. इथे वेळेला फार किंमत आहे. झिलमन आणि कँटर यांनी 1976 साली एक उद्धट प्रयोगकर्ता लोकांच्या समोर आणला. काहींना आधीच सांगितलं की बिचारा परीक्षेमुळे ताणात आहे. काहींना हेच कारण तो उद्धटपणे वागून झाल्यावर सांगितलं आणि काहींना सांगितलंच नाही. ज्यांना आधी कळलं होतं त्यांचं शरीर फारसं पेटलंच नाही. नंतर कळलेल्यांचं आधी पेटलं आणि मग हळूहळू निवलं. कारण तेच, शब्दही तेच. आणि माणूस खूप भडकलेला असेल तर नंतर दिलेलं खरं कारणही कानात शिरत नाही, असं याच मंडळींच्या दुसऱ्या प्रयोगात दिसलं. दारात उभं राहून 'अगं, ट्रॅफिक होतं' असं सांगणाऱ्याला 'फोन करायला काय झालं होतं?' हे उत्तर का मिळतं, त्याचं मला सापडलेलं हे सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण. ट्रॅफिक खरंच असतं. पण ते साडेसातला सांगायचं असतं, साडेनऊला नव्हे.